फिल्टर बदलला तरी एटीव्हीला दम नाही: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

कोकणचे किनारे, लोणावळा, पाचगणी आणि इकडची तिकडची फार्महाऊसं या पट्ट्यात फिरणाऱ्या बहुतेक एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या चार चाकी ऑफ-रोड गाड्या, ११० ते २५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या आणि कार्बोरेटरवाल्या असतात. त्यातली मॉडिफाय केलेली गाडी दुरुस्तीला आली की तक्रार जवळपास ठरलेली असते. मोकळा सायलेन्सर टाकलेला, एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा मूळ बंद डबा, काढून कार्बोरेटरच्या तोंडाला थेट शंकूसारखा उघडा कोन फिल्टर लावलेला. सुरुवातीला गाडी मस्त पळाली, आता चढावर दम टाकते. फिल्टर बदलला की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी मालक सगळ्यात महागडा फिल्टर आणून बसवतो आणि तरीही गाडी परत येते.

फिल्टर घेताना सगळे एकच विचारतात, हवा किती सोडतो? मी त्याआधी दोन गोष्टी विचारतो. तुमच्याकडे धूळ कोणत्या जातीची आहे, आणि फिल्टर तोंडाशी किती घट्ट बसतो? इंजिनं वाया जातात ती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. म्हणून नवा फिल्टर घेण्याआधी खालच्या क्रमाने जा. पहिल्या काही तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

एकाच "पिकअप नाही" या तक्रारीमागे तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचे इलाज वेगळे.

पहिला, फिल्टर तुंबला आहे. हवा कमी, पेट्रोल जास्त. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. कमी रेसवर गाडी ठीक चालते, पण पूर्ण रेस दिली की घुसमटते आणि रेस जरा सोडली की उलट बरी पळते.

दुसरा, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला, पण जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, कंपनीचाच राहिला, की हे होतं. रेस सोडताना सायलेन्सर फटाके फोडतो, मधल्या रेसला गाडी हिसके देते, इंजिन लवकर तापतं, सकाळी चोकशिवाय चालू होत नाही. प्लग पांढरट दिसतो.

तिसरा आजार सगळ्यात वाईट, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे. गाडी छान पळत असते. मग हळूहळू निळसर धूर येतो, ऑइल कमी होऊ लागतं, गरम गाडी चालू व्हायला त्रास देते. हे दिसेपर्यंत पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासून गेलेले असतात.

फिल्टरचा दोष नसतानाही त्याच्या नावावर खपणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्या आधीच बाजूला काढा. स्कूटरसारखी बेल्टवाली ऑटोमॅटिक एटीव्ही असेल, आणि इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही असं असेल, तर बेल्ट, रोलर किंवा क्लच बघा. तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही. दुसरी गोष्ट उंचीची. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. अलिबागला सेट केलेली कार्बोरेटरची गाडी वर नेली की पेट्रोल जास्त होऊन काळा धूर काढणारच. हंगामाप्रमाणे गाड्या किनाऱ्यावरून घाटावर हलवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

एवढी काळजी कशाला?

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे तासाभराच्या राईडमध्ये इंजिन एका खोलीभर हवा ओढून घेतं, आणि तीही मागच्या चाकाने उडवलेल्या धुळीतली. वाळूतला क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्स मापावर ७ ला बसतो. सिलिंडरचं बीड त्यापुढे मऊ. त्यात डोळ्याला दिसणारे मोठे कण फिल्टरवर अडकतात किंवा खाली पडतात. खरं नुकसान करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण ते रिंग आणि बोअर यांच्यामधल्या ऑइलच्या थरात बरोबर मावतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

प्रत्येक भागाची धूळ वेगळी वागते. किनाऱ्याची वाळू जड, ती लांब उडत नाही, पण सोबत मिठाची ओल आणते आणि क्लॅम्प गंजवते. घाटावरची काळ्या दगडाची माती उन्हाळ्यात पीठ होते. सगळ्यात त्रासदायक जांभ्याची लाल धूळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे घ्या किंवा पाचगणीचं पठार, ती इतकी बारीक असते की हवेत तरंगत राहते आणि मागून येणारी प्रत्येक गाडी ती खाते. रांगेने राईड काढणाऱ्यांकडे शेवटच्या गाडीचा फिल्टर सगळ्यात आधी भरतो. गाड्यांचा क्रम रोज फिरवला आणि दोन गाड्यांत धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवलं, तरी मोठा फरक पडतो.

तपासणी १: फिल्टर काढून बघा (खर्च शून्य)

फिल्टर काढायच्या आधी त्याच्या तोंडाभोवतीची धूळ ब्रशने झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. ही पायरी लोक हमखास गाळतात. मग काढताना तीच धूळ कार्बोरेटरच्या तोंडात पडते.

काढलेला फिल्टर बाहेरून किती घाण आहे हे बिनमहत्त्वाचं. बाहेरून लाल होणं हे त्याचं कामच आहे. आतली बाजू बघा. आत पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर फक्त फिल्टर ऑइल आलं तर ठीक, लाल किंवा करडी माती आली तर फिल्टर धूळ आत सोडतो आहे. कागदी फिल्टर असेल तर आत टॉर्च धरून घड्यांमध्ये चीर शोधा.

काळा धूर येत असेल तर एक छोटी परीक्षा करता येते. स्वच्छ, धूळ नसलेल्या जागी, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून, फिल्टर काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा आणि हळूच रेस द्या. धूर गेला आणि रेस मोकळी झाली, तर फिल्टर तुंबला होता हे नक्की. कार्बोरेटरच्या तोंडासमोर चेहरा किंवा फडकं आणू नका, उलटी ज्वाला येऊ शकते. आणि फिल्टरशिवाय एक चक्करही मारायची नाही, अंगणातसुद्धा.

तपासणी २: ग्रीसचं बोट (खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची)

कार्बोरेटर आणि फिल्टर यांच्यामधली रबरी नळी आतून स्वच्छ पुसा. बोटावर थोडं पांढरं किंवा पारदर्शक ग्रीस घ्या आणि नळीच्या आतल्या भिंतीला अगदी पातळ थर द्या. गोळे ठेवू नका, ते सुटून आत ओढले जातील. थेट कार्बोरेटरवर बसणारा कोन फिल्टर असेल तर त्याच्या रबरी गळ्याला आतून हाच थर द्या. फिल्टर बसवा, एक नेहमीची राईड मारा आणि परत उघडा.

ग्रीस जसंच्या तसं असेल तर फिल्टर आणि त्याची बैठक दोन्ही नीट आहेत. सगळीकडे सारखी धूळ चिकटली असेल तर धूळ फिल्टरच्या अंगातून येते आहे, म्हणजे स्पंज जाड भोकांचा आहे, कोरडा आहे किंवा झिजला आहे. एकाच बाजूला टोकदार पट्टा दिसला, जणू कुणी पेन्सिलने रेघ ओढली, तर तो पट्टा मागे मागे शोधत जा. तो जिथे सुरू होतो तिथे फट असते. बहुतेक वेळा क्लॅम्पचा स्क्रू असतो त्याच जागी, कारण तिथे पट्टी रबरावर सपाट बसत नाही.

मी कोणत्याही मॉडिफाय केलेल्या गाडीला नवा फिल्टर सुचवण्याआधी हे करतो. फट तशीच ठेवून फिल्टर बदलणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला जाळी लावणं. उलट नवा फिल्टर जितका बारीक, तितकी हवा सोप्या वाटेने, म्हणजे त्या फटीतून जास्त जाते.

तपासणी ३: धुणं आणि ऑइल देणं (खर्च किरकोळ)

स्पंजचा फिल्टर कोरडा चालत नाही. त्याची भोकं धुळीपेक्षा कितीतरी मोठी असतात. धूळ अडते ती वाकड्यातिकड्या वाटेत ऑइलला चिकटून. ऑइल नसेल तर वाळूपुरतं काम होतं, जांभ्याची धूळ सरळ पार जाते. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांमध्ये धुऊन, वाळवून, कोरडाच परत बसवलेला स्पंज मला सर्रास दिसतो.

धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय स्पंजचे चिकटवलेले जोड सुटतात. आधी फिल्टर क्लीनरमध्ये किंवा थोड्या डिझेलमध्ये दाबून जुनं ऑइल काढा, मग भांड्यांच्या लिक्विड सोपच्या कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा. डिझेलचा चिकटपणा पूर्ण गेला पाहिजे. पिळायचा नाही, मुठीत दाबून पाणी काढायचं. पिळलं की जोडाला चीर जाते आणि ती ऑइलमुळे दिसत नाही. सावलीत वाळवा. थोडाही ओलावा राहिला तर तिथे ऑइल धरत नाही.

मग फोम फिल्टरसाठी मिळणारं चिकट ऑइल घ्या. इंजिन ऑइल किंवा टू-टी ऑइल रात्रीतून खाली उतरतं आणि फिल्टरचा वरचा भाग कोरडा पडतो. ऑइल ओतून स्पंज कणकेसारखा मळायचा, रंग सगळीकडे एकसारखा दिसेपर्यंत. जास्तीचं दाबून काढा. बोटांना चिकटलं पाहिजे, पण दाबल्यावर थेंब पडता कामा नये. ऑइलमधला पातळ भाग उडून जाईपर्यंत ठेवा आणि मगच बसवा. जास्त ऑइल राहिलं तर हवाच अडते आणि तुम्ही पुन्हा काळ्या धुरावर येता.

कोरड्या हंगामात रोज चालणाऱ्या गाडीला स्पंजचे दोन संच ठेवा. एक गाडीत, एक धुऊन ऑइल देऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. संध्याकाळी घाईत ओला स्पंज चढवण्याची वेळच येत नाही.

कागदी फिल्टर धुऊ नका. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आतून बाहेर, लांबून आणि कमी दाबाने. टायरसाठी ठेवलेल्या दाबाने जवळून हवा मारली की कागदात सूक्ष्म भोकं पडतात.

तपासणी ४: ब्रीदर आणि ड्रेनची नळी

एअर बॉक्स काढला की त्याला जोडलेल्या बाकीच्या नळ्या अनाथ होतात, आणि इथेच मॉडिफाय करणारे चुकतात. इंजिनच्या क्रँककेसमधून, म्हणजे खालच्या ऑइलच्या भागातून, वाफ बाहेर सोडणारी एक नळी मूळ रचनेत एअर बॉक्सला जाते. बॉक्स गेला की ती फ्रेमला नुसती लटकत ठेवतात. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना त्या नळीतून हवा बाहेरही जाते आणि आतही येते. म्हणजे धूळ थेट ऑइलमध्ये. तिच्या टोकाला छोटा ब्रीदर फिल्टर लावा आणि नळी सीटखाली उंच बांधा. तिचं टोक बुच लावून बंद करू नका, दाब वाढून सील फुटतात.

एअर बॉक्स अजून जागेवर असेल तर त्याच्या तळाची ड्रेनची नळी बघा. तिला बुच किंवा रबरी चोच असते. काही गाड्यांत ही नळी फिल्टरच्या स्वच्छ बाजूला उघडते. बुच पडलं असेल तर फिल्टर कितीही चांगला असो, धूळ खालच्या वाटेने आत जाते. पाच मिनिटांचं काम, पण ते बघितलं जात नाही.

तपासणी ५: मॅनिफोल्डचं रबर

कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर उन्हाने आणि गरमीने तडकतं. तिथून हवा घुसली की गाडी पांढऱ्या प्लगची सगळी लक्षणं दाखवते आणि आयडलिंग वर-खाली होत राहतं. लोक मग जेट बदलत बसतात. इंजिन नुकतंच चालू केलेलं, सायलेन्सर गरम व्हायच्या आत, स्प्रेच्या बाटलीने रबराभोवती साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला की चीर सापडली. कार्ब क्लीनर मारूनही समजतं, पण तो पेट घेतो. पाण्यानं काम होत असताना तो धोका कशाला? आणि मॅनिफोल्डला सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे आत जातात. रबर नवंच टाका, महाग नसतं.

आता फिल्टर निवडा

वरचं सगळं नीट असेल तर मग नव्या फिल्टरवर पैसे घाला.

सुरुवात मापापासून करा. कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. ३५, ३८, ४२, ४५, ४८ मिमी असे गळे बाजारात मिळतात. दुकानदार "क्लॅम्प आवळला की बसतो" म्हणेल, पण ४२ च्या तोंडावर ४५ चा गळा आवळला की रबराला सुरकुती पडते आणि सुरकुती म्हणजे बोगदा. गळा थोडा ताण देऊन चढला पाहिजे. स्पंज बॉक्समध्ये बसणारा असेल तर त्याच्या काठाला ग्रीसचा थर द्या, तो सीलचं काम करतो.

प्रकारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या धुळीसाठी दोन थरांचा ऑइल दिलेला स्पंज घ्या, बाहेर जाड भोकांचा आणि आत बारीक. स्पंजवर पीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती भोकं त्याचा, आकडा असेल तर जितका मोठा तितकी भोकं बारीक. ३० च्या आसपासचा बाहेर, ६० च्या आसपासचा आत, ही जोडी चांगली चालते. तो भरला तरी एकदम दम तोडत नाही, धुता येतो, आणि पाण्याचे शिंतोडे सहन करतो.

कागदी फिल्टर बारीक धूळ फार चांगली अडवतो, पण भिजला की कामातून गेला. ओढा ओलांडायचा असेल किंवा पावसात चालवायची असेल तर तो नको. कापसाच्या जाळीचा, लाल ऑइलवाला फिल्टर हवा मोकळी सोडतो, दिसतो सुंदर, आणि डांबरी रस्त्यावरच्या गाडीला शोभतोही. जांभ्याच्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीला मी तो एकटा लावत नाही. लावायचाच असेल तर वरून धूळ आणि पाणी झटकणारं कापडी कव्हर हवं. आणि चकचकीत क्रोमच्या जाळीत पातळ स्पंज घातलेला मशरूमसारखा फिल्टर स्वस्तात मिळतो, तो घेऊच नका. त्यात स्पंजच्या कडेला बहुतेक वेळा सीलच नसतं.

आकाराने मोठा फिल्टर घ्या, पण हवेच्या हव्यासापोटी नको. २०० सीसीचं इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा ओढतं आणि तेवढी हवा लहान फिल्टरही स्वच्छ असताना सोडतो. मोठ्या फिल्टरचा फायदा असा की तो उशिरा भरतो. सिलिंडर मोठा केला असेल तर हिशेब बदलतो. १५० सीसीच्या जीवाय-६ या, बऱ्याच स्कूटर-एटीव्हींत येणाऱ्या इंजिनाचा बोअर ५७.४ चा ६१ मिमी केला की ते जवळपास १६९ सीसीचं होतं. हवा १३ टक्के जास्त, धूळही तेवढीच जास्त.

मग जागा. कोन फिल्टर मागच्या चाकासमोर उघडा ठेवू नका, इंजिनच्या फिन्सला चिकटूनही नको, तिथली हवा तापलेली असते. सीटखाली उंचावर, मध्ये पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा आडोसा करून बसवा. माझं ऐकाल तर जुना एअर बॉक्स फेकू नका. त्यातली हवा शांत असते. व्हॅक्यूम पिस्टनच्या कार्बोरेटरला, म्हणजे जीवाय-६ वर येतो त्या प्रकाराला, अशी शांत हवा लागते. उघड्या फिल्टरवर वाऱ्याचा झोत आला की कार्बोरेटरमधला तो पिस्टन नीट उचलला जात नाही आणि मधल्या रेसला गाडी मार खाते. मूळ बॉक्स, त्यात चांगला दोन थरांचा स्पंज आणि झाकणाला धड सील, एवढ्यावर भाड्याच्या बहुतेक गाड्यांचं भागतं.

तपासणी ६: प्लग आणि जेट (थोडा खर्च, बराच संयम)

फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला असेल तर जेट बघावाच लागतो. पण आधी नाही. तुंबलेल्या फिल्टरवर जेट सेट केला आणि नंतर फिल्टर धुतला, की गाडी पेट्रोलला भुकेली होते आणि तापते.

मोकळ्या, सुरक्षित जागी गाडी पूर्ण रेसवर थोडी पळवा, किल स्विचने बंद करा, थांबा, प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यावर कार्बोरेटरची गाडी आधीच थोडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी, चालते आणि प्लगही पूर्वीपेक्षा फिका दिसतो, हे धरून चाला.

कोणत्या रेसला त्रास होतो त्यावरून भाग ठरतो. पाव रेसपर्यंत पायलट जेट (कमी रेसचा छोटा जेट), मधल्या रेसला निडल (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई), पाऊणपासून पुढे मेन जेट. मेन जेट एका पायरीने वाढवा आणि पुन्हा प्लग बघा. एकदम तीन पायऱ्या उडी मारू नका. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर कंपन्यांच्या जेटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा जुना जेट सोबत घेऊनच दुकानात जा. निडलची क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर जाते आणि पेट्रोल वाढतं. ड्रिलने किंवा तारेने जेटचं भोक मोठं करू नका. भोक गोल राहत नाही आणि परत कधीच सेट होत नाही.

फ्युएल इंजेक्शनची एटीव्ही असेल तर इथे हात लावू नका. तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थोडाफार फरक सांभाळून घेतो. त्यापलीकडे मॅपिंग, म्हणजे त्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, लागतं, आणि ते मशीन असलेल्या माणसाचं काम आहे.

तपासणी ७: कॉम्प्रेशन

निळा धूर असेल, ऑइल खात असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून बघा. रेस पूर्ण उघडी ठेवून क्रँक करायचं, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेला. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आकड्याची तुलना तुमच्या इंजिनच्या पुस्तकाशी करा, शेजारच्या गाडीशी नको.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

रेस सोडल्यावर केबल परत येत नसेल किंवा इंजिन चढलेलंच राहत असेल, तर गाडी त्या क्षणी बंद. कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये, म्हणजे रेस दिली की वर सरकणाऱ्या झडपेत, धूळ गेली की स्लाइड अडकते. लहान मुलं चालवतात त्या गाड्यांवर हे होताना मी पाहिलं आहे. राईडला जाण्याआधी, इंजिन बंद असताना, थ्रॉटल दाबून सोडा. खट्ट आवाजाने परत आला पाहिजे. नाही आला तर त्या गाडीवर कुणालाही बसवू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी.

फिल्टरमधून पाणी आत गेलं असेल तर स्टार्टर दाबू नका. पिस्टनवर पाणी असताना कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल दुधासारखं पांढरं झालं असेल तर गाडी ढकलत गॅरेजला न्या.

काढलेलं ऑइल दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागत असेल, त्यात चंदेरी चमक असेल, किंवा हेडमधून टकटक येत असेल, तर आणखी फिल्टर घेऊ नका. हेड खोलून बोअर मोजावा लागेल. तो अंडाकार झाला असेल तर नुसत्या रिंगा टाकून भागत नाही, बोअर मारून मोठा पिस्टन बसवावा लागतो. हे काम बोअर गेज आणि चांगला लेथवाला असलेल्याकडेच द्या. आणि खोलण्याआधी धूळ आत यायची वाट बंद झाली आहे याची खात्री करून घ्या, नाहीतर नवा पिस्टन त्याच वाटेने जातो.

मिस्त्रीकडे जाताना फिल्टर धुऊन नेऊ नका. जसा आहे तसा पिशवीत घाला, ग्रीस लावलेली रबरी नळी काढू नका, काढलेला प्लग आणि जुना जेट कागदात गुंडाळून सोबत द्या. गाडीत काय काय बदललं, कोणत्या क्रमाने बदललं आणि तक्रार कोणत्या बदलानंतर सुरू झाली, हे एका कागदावर लिहून द्या. धुळीचा पट्टा तसाच असेल तर फट कुठे आहे हे त्याला गाडी चालू न करताच दिसतं.